खिडकीखालच्या मोकळ्या जागेबाबत अर्ज

अर्जदार : अशोक गेनबा, व्यवसाय अर्जनवीस, बसण्याचे ठिकाण तहसील कचेरीबाहेरील पत्र्याची शेड, मुक्काम भोर. मूळ गाव मौजे भोंगवली, तालुका भोर, जिल्हा पुणे.

जाब देणार : कालकथित रंजना, अर्जदाराच्या थोरल्या बंधूंची पत्नी. माहेर मौजे विंझर, तालुका वेल्हे, जो हल्लीच्या कागदांत राजगड झाला आहे. सध्या राहण्याचा पत्ता अर्जदारास ठाऊक नाही.

साक्षीदार : एक, अर्जदाराची आई, वय खुद्द तिलाही नक्की सांगता येत नाही. दोन, आण्णा, अर्जदाराचे थोरले बंधू व जाब देणारांचे पती, एसटीचे निवृत्त चालक. तीन, कमल, अर्जदाराची पत्नी. चार, प्रज्ञा, जाब देणारांची मुलगी.

तारीख : जाब देणारांच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मरणविधीच्या, आदल्या दिवसाची.

विषय : राहत्या घरातील मधल्या खोलीच्या खिडकीखाली जाब देणारांनी जी जागा मोकळी ठेवली, ती कशासाठी ठेवली याचे उत्तर मिळणेबाबत.

वहिनी,

वरचा मजकूर तुमच्या कानी पडला असता, तर पदर तोंडाला लावून तुम्ही म्हणाला असतात, "भावजी, आता मेलेल्या मानसाला बी नोटीस काढता व्हय?" काढतो. कारण हा अर्ज तुम्हीच मागितला होता. तो कसा, ते पुढे क्रमाने येईल. उद्या घरी वंदना झाल्यावर दोन शब्द बोलण्याचे काम सर्वानुमते माझ्याकडे आले आहे, आणि ते योग्यच आहे, कारण या घरात लिहिता माणूस मी एकटा. तुमचा जन्म, शिक्षण, स्वभाव यांची माहिती इतर लोक देतील. त्यास माझी हरकत नाही. मला मात्र तुमच्याशीच बोलायचे आहे, आणि बोलण्याची मला ही एकच रीत नीट येते.

प्रकरणाची सुरुवात पडद्यांपासून होते. नसरापूरच्या एका दुकानासाठी तुम्ही घरी पडदे शिवत होता. कधी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माप घेत होता, कधी पडदे टांगून देत होता. अशाच एकदा हमरस्त्याकडच्या एका बंगल्यात गेलात आणि तिथल्या बाईंना सांगून आलात की पडदा बदलून काही होणार नाही, आधी सोफा खिडकीपुढून हलवा. बाईंनी हलवला. खोली बघितली आणि तुम्हाला विचारले, "तुम्ही कोर्स केलाय का हो यातला?"

तो प्रश्न तुम्ही बाजाराच्या पिशवीतून भाजी आणावी तसा घरी घेऊन आलात.

"असला कोर्स असतो म्हणं पुण्याला. कॉलेजात. शनवार-रयवार. पोरं-बाळं झालेल्या बायकांनी बी करायचा. वयाची अट न्हाई, शेवटाला सर्टिफिकेट देत्यात."

आण्णा जेवत होते. "कसला कोर्स?"

"घराच्या आतल्या सजावटीचा."

"भोरात कुनाचं घर सजवनार हायस तू?"

"आधी आपलं."

"आपल्या घराला काय धाड भरलीय?"

तुम्ही नुसती मान वर करून खोलीभर नजर फिरवलीत. दिवा दाराच्या मागे. दार उघडले की उजेड दाराच्याच पाठीवर. टीव्ही अशा जागी की तो बघायला आण्णांनी मान वाकडी करायची आणि त्याच्यापुढून सगळ्या घराने वाकून जायचे. तुम्ही इतकेच म्हणालात, "काय न्हाई. जेवा."

दुसऱ्या दिवशी तुम्ही शेडमध्ये माझ्या टेबलापाशी आलात. मी म्हटले, घरच्या माणसांना नंबर लागत नाही. तुम्ही तरीही नंबरातच बसलात, सातबाऱ्यावरचे नाव दुरुस्त करून घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्या इसमाच्या मागे. तुमची पाळी आल्यावर मी कोरा ताव घेतला. मेहेरबान प्राचार्य साहेब यांचे सेवेशी, अर्जदार ही सुशील, कष्टाळू व मोजमापात पारंगत असून घरांच्या अंतर्भागाची उन्नती व्हावी अशी तिची तीव्र इच्छा आहे, वगैरे. मजकूर उत्तम उतरला होता. आजही मला तो तोंडपाठ आहे. घरी आल्यावर प्रज्ञाने मोबाईलवर तुमचे सगळे प्रकरण चहा निवण्याच्या आत भरून टाकले आणि म्हणाली, "काका, हल्ली असं लिहून द्यावं लागत नाही." तुम्ही मात्र माझा अर्ज पुण्याला नेलात आणि शिकवणाऱ्या बाईंच्या हाती दिलात. बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला.

"काय म्हणाल्या?" मी विचारले होते.

"म्हनल्या, ह्यो मानूस आपल्या वर्गात पायजे हुता."

कमल हसली. मी त्यात स्तुती ऐकली, आणि अजूनही तीच ऐकतो.

मग दर शनिवारी पहाटेची स्वारगेट एसटी. चित्रांचे मोठे कागद चुरगळू नयेत म्हणून तुम्ही मोरीच्या कामातून उरलेल्या प्लॅस्टिकच्या पाइपात गुंडाळून न्यायचात. कंडक्टर आण्णांच्या ओळखीचा. त्याने विचारले, "वहिनी, नळ कुठं बसवायचाय?" तुम्ही म्हणालात, "पुन्यालाच. तिकडं पानी कमी येतंय म्हणं." तेव्हापासून त्या गाडीत तुम्हाला नळवाल्या वहिनी असे नाव पडले. तुम्ही गेल्यावर तो कंडक्टर घरी येऊन बसला होता. एसटीच्या खाकी शर्टाच्या बाहीने डोळे पुसत म्हणाला, "आता त्यो पाइप कोन आनंल?" पाइप दाराच्या मागे उभा आहे. तो हलवायला कोणी धजत नाही.

वर्गात प्रज्ञाच्या वयाच्या मुली होत्या आणि त्यांच्याकडे संगणक होते. तुमच्याकडे पट्टी आणि पेन्सिल. पहिला महिना तुम्हाला फार जड गेला. मोठी खोली कागदावर लहान करायची, पण सगळ्या बाजूंनी सारखी लहान करायची, हे जमेना. एका रविवारी रडवेल्या होऊन परतलात. "भावजी, कापड मी कवाबी खऱ्या मापानं कापलंय. खोटं माप हाताला बसंना." मी तुम्हाला धीर दिला की कागदावर गोष्ट लहान करून मांडणे हाच माझाही धंदा आहे, एका माणसाचे सगळे आयुष्य मी एका पानात बसवतो. तुम्ही डोळे पुसून विचारलेत, "आन् मग त्यात मानूस ऱ्हातो का?" त्या वेळी मी विषय बदलला. तुम्हाला सर्दी झाली असावी असे काहीतरी म्हणालो.

पुढे तुम्ही आम्हा सगळ्यांची मापे घेऊ लागलात. बसल्यावर गुडघा किती उंच येतो, उभे राहून हात कुठवर पोचतो, कूस बदलायला किती जागा लागते. आई खाटेवर पाय लोंबकळत सोडून बसली होती. तुम्ही टेप घेऊन खाली वाकलात तशी ती म्हणाली, "माजं माप कशाला घेतीस गं? तिरडीला?"

"खाटंला, आत्याबाई. तुमची खाट उंच हाय. पाय टेकत न्हाईत."

"न्हाईच टेकत. पन कुनी इचारलं व्हतं?"

तुम्ही सुतार बोलावून खाटेचे पाय कापून घेतलेत. त्या दिवसापासून आई कोणाचा हात न धरता उठते. वहिनी, तिरडीचा तो विनोद आता आईला आठवतो. ती कोणाला बोलून दाखवत नाही, पण तुमचा टेप दिसला की तोंड फिरवते.

आपला मोठा वाद मात्र माणसाच्या चित्रावरून झाला. घराचा नकाशा काढला की त्यात एक तरी माणूस काढायचा, बसलेला किंवा उभा, म्हणजे बघणाऱ्याला जागेचा अंदाज येतो, असा तुमच्या बाईंचा नियम होता. माणूस नसला की बाई सही करीत नसत. मी हरकत घेतली. इतकी वर्षे मी मिळकतीची वर्णने लिहीत आलो आहे. पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस काय, उत्तरेस काय. चतुःसीमा लिहिल्या की मिळकत पक्की होते. त्यात माणूस येत नाही, कारण माणूस हलतो. तुम्ही म्हणालात, "हलतो म्हनूनच काढायचा." हा वाद तसाच राहिला आहे. माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही.

आता भिंतीबद्दल. उद्या लोक हळहळीच्या भरात काहीही बोलतील, म्हणून नमूद करतो की भिंतीची गोष्ट भांडणातून निघाली नव्हती. संध्याकाळी कचेरी सुटली की गरजू लोक माझ्यामागे घरी येत आणि मधल्या खोलीत बसत. त्याच वेळी आण्णांच्या बातम्या लागत.

"आरं, तुझ्या ह्या कचेरीपायी मला जगात काय चाललंय ते कळंना," आण्णा म्हणत.

"आपल्या जगापायी मला समोरच्या बाईचे म्हणणे ऐकू येईना," मी म्हणे.

आयुष्यभर गाडी हाकून दमलेला माणूस घरी आडवा व्हायला मागतो, हे रास्त होते. आणि मी तरी लोकांना कुठे बसवणार? तेव्हा मधल्या खोलीत उभी भिंत घालून दोन हिस्से करावेत, असे आम्हा दोघा भावांत एकमताने ठरले. मसुदा अर्थातच मी केला. पुढचे दार माझ्याकडे येत होते, मोरीकडची वाट आण्णांकडे जात होती. मागच्या भिंतीला एकुलती एक खिडकी, ती बरोबर मधोमध. ती कोणाला द्यावी हा पेच होता. मी तो सोडवला. खिडकीची डावी झडप अ हिस्सा, उजवी झडप ब हिस्सा.

मी मसुदा मोठ्याने वाचला. आण्णांनी मान डोलावली. आई खाटेवरून म्हणाली, "मंग खाट बी मधनं कापा की."

तुम्ही भाकऱ्या थापत होता. पिठाच्या हाताने दारात येऊन उभ्या राहिलात. "भावजी, सगळं झ्याक लिवलंय. ह्यात आत्याबाई कुठल्या हिश्श्यात हायत?"

"वहिनी, मिळकतीच्या वर्णनात माणसे लिहीत नाहीत."

"बरं. मंग मला आठ दिस द्या. भिंत मी घालून दावते. पसंत पडली तर गवंडी बोलवा."

बाईंनी तुम्हाला एक रीत शिकवली होती. काही बांधायचे तर आधी खऱ्या मापाने जमिनीवर चिकटपट्टीने आखायचे आणि चार दिवस त्यात वावरून बघायचे. आपल्या शहाबादी फरशीवर पट्टी टिकेना. तुम्ही शाळेतून फक्की आणलीत, कबड्डीचे मैदान आखतात ती पांढरी भुकटी, आणि दोरी लावून मधल्या खोलीत दारापासून खिडकीपर्यंत भिंतीएवढी जाड रेघ ओढलीत. खाट रेघेवर येत होती, ती माझ्या बाजूला सरकवलीत. मग कमरेवर हात ठेवून कायदा सांगितलात, "ही भिंत हाय. भिंतीतनं कुनी जायचं न्हाई. जायाचं तर भाईरनं वळसा घालून."

आम्ही हसलो. आण्णांनी भिंतीवर टकटक केल्याची नक्कल केली. रात्र हसण्यात गेली.

सकाळी आई काठी टेकत उठली. मोरी आण्णांच्या बाजूला. ती रेघेपाशी येऊन थांबली. कायदा तिने आम्हा सगळ्यांपेक्षा मनावर घेतला होता. थांबून तिने हाक मारली, "आण्णा, येऊ का रं तुज्या हद्दीत?"

आण्णा चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला. मी माझ्या हिश्श्यात दाढी करीत होतो. आई पुन्हा म्हणाली, "येऊ का? का समद्या आळीला वळसा घालू?"

"ये की गं," आण्णा म्हणाले.

ती पाय ओढत चालते. रेघ तेवढ्या जागी पुसली गेली आणि मोरीपर्यंत तिची पांढरी पावले उमटली. तुम्ही रागावाल असे मला वाटले. तुम्ही पेन्सिल घेऊन आलात आणि ती पावले कागदावर उतरवून घेतलीत.

पुढचे दिवस ही भिंत अशीच झिजत गेली. कमल मिठासाठी तुमच्याकडे आली, एक फट पडली. आण्णांना वर्तमानपत्र हवे होते, दुसरी पडली. मी कायदा पाळणारा माणूस आहे. मी वळसा घालून गेलो, आणि शेजाऱ्यांनी विचारले, "अशोकराव, सकाळी सकाळी स्वतःच्याच घराला प्रदक्षिणा?" आण्णा माझ्या बाजूला तपकीर मागायला आले आणि रेघेवर एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून बराच वेळ बोलत राहिले. आमचे दोघांचे इतके बोलणे कित्येक दिवसांत झाले नव्हते. बोलण्याचा विषय गाडीचे ब्रेक हा होता. तुम्ही रोज सकाळी उरलेली रेघ भरायचात, पण पडलेल्या फटी मोकळ्या सोडायचात. शेवटी रेघ उरलीच नाही, वाटा तेवढ्या उरल्या.

एकाच ठिकाणी ती शेवटपर्यंत जशीच्या तशी राहिली, खिडकीखाली, झडपा मी वाटून टाकल्या होत्या त्याच जागी. तिथे कोणाचेच काही काम नव्हते. कोणाचा पाय पडला नव्हता.

मसुदा मी कपाटात ठेवला. कायद्याने त्यात दोष नव्हता, हे मी तेव्हाही म्हटले होते. तुम्ही म्हणालात, "दोष कुठं म्हनले मी? अक्षर बी सुरेख हाय."

मग तुम्ही परीक्षेसाठी आपलेच घर काढलेत. भिंत नाही. पुढच्या ओसरीला सलग बाक, त्याच्या पोटात माझ्या कागदांचे कप्पे, वर ऊन अडवायला पडदा, आणि एक फळी, जी काम असेल तेव्हा उघडून टेबल होते. माझे लोक ओसरीवर. टीव्ही आण्णांच्या खोलीत, खाटेच्या पायथ्याशी, मान सरळ. आईची खाट अशी वळवलेली की तिला रस्ता दिसावा आणि मोरी चार पावलांवर यावी. दिवा दाराच्या मागून निघून माणसांच्या डोक्यावर आला. आणि प्रत्येक जागी तुम्ही माणूस काढला होता. टोपी घातलेला मी होतो. पोट जरा जास्त काढले होते, ते मी निदर्शनास आणून दिले होते.

काम सुताराने हळूहळू केले. ओसरीवरच्या बाकावर पहिला इसम बसला त्या दिवशी तो आपण होऊन टेकला, पाठ सैल सोडली आणि मग बोलला. शेडमध्ये लोक उभ्याने बोलतात, म्हणून थोडक्यात बोलतात. बसलेला माणूस खरे काय ते सांगतो. वहिनी, तेव्हापासून मी कोणाचाही अर्ज लिहिण्याआधी त्याला बसवतो आणि विचारतो, घरात कोण कोण आहे, कोण कुठे झोपते. वाटणीचा कागद असला तर म्हातारी माणसे कोणीकडे, हे आधी विचारतो. माझ्या मसुद्यांचा दर्जा पूर्वीही चांगला होता. आता त्यांत माणसे असतात. शेडमधले इतर अर्जनवीस यावर हसतात. हसोत बापडे. त्यांच्या घरी तुम्ही नव्हता.

परीक्षेला तुम्ही पुठ्ठ्याचे लहानसे घर करून एसटीतून नेलेत. सगळा प्रवास ते मांडीवर होते, आणि नळवाल्या वहिनींना त्या दिवशी उभ्या लोकांनी स्वतःहून जागा दिली. परत आलात ते हसत. बाईंना घर पसंत पडले होते. फक्त त्यांनी खिडकीखाली बोट ठेवून विचारले होते, "इथे काहीच का नाही?"

आम्ही सगळे जेवायचे थांबलो. कारण तो प्रश्न आमचाही होता. एवढ्याशा घरात, जिथे घागर ठेवायला जागा शोधावी लागते, तिथे सगळ्यांत चांगल्या उजेडाची जागा तुम्ही रिकामी सोडली होती. मी तुम्हाला बजावले होते की रिकामी जागा म्हणजे अतिक्रमणाला निमंत्रण. तुम्ही म्हणाला होता, "रिकामी न्हाई ती, भावजी. मोकळी हाय."

"मग? काय सांगितलेत बाईंना?" मी विचारले.

"सांगितलं काय ते."

"काय?"

तुम्ही भाताची वाटी पुढे सरकवलीत. डोळे चमकत होते. "तुमाला अर्जाबिगर कशाची किंमत न्हाई. रीतसर अर्ज करा. मंग सांगते."

सगळे हसले. मीही हसलो. लिहू की सावकाश, असे म्हणालो. घरचाच तर अर्ज.

सर्टिफिकेट आले. विंझरला तुमच्या भावाच्या घरी तुम्ही चुलीचा धूर जायला वाट करून दिलीत. नसरापूरला एका दुकानाची मांडणी केलीत. भोंगवलीच्या शाळेत मुलांच्या चपलांना जागा नव्हती, ती काढून दिलीत. पुढचे काम वेल्ह्याकडचे ठरले होते. मग त्या सकाळी छातीत कळ आली, आम्ही तुम्हाला गाडीत घालून पुण्याच्या रस्त्याला लागलो, आणि कापूरहोळच्या पुढे तुमचा हात आण्णांच्या हातात थंड झाला. त्याहून अधिक त्या सकाळविषयी मला लिहिता येत नाही. मसुदा करून पाहिला.

पण त्या दिवशीच्या दुपारी जे घडले ते नोंदवणे माझे कर्तव्य आहे. माणसे आली. भोंगवलीहून टेम्पो भरून, विंझरहून, एसटीतली, बंगल्यातल्या त्या बाई, तुमच्या वर्गातल्या मुली. इतकी माणसे या घरात कधी आली नव्हती. आणि वहिनी, घराने सगळ्यांना जागा दिली. पुरुष ओसरीच्या बाकावर बसले. बायका दोन्ही बाजूंनी बसल्या. आईला खाटेवरून सगळे दिसत होते, तिला कोणी उठवावे लागले नाही. तुम्हाला आम्ही मधल्या खोलीत ठेवले, डोके खिडकीकडे. मेणबत्ती लावताना माझ्या ध्यानात आले की जिथे भिंत उभी राहणार होती, नेमक्या त्या ओळीत तुम्ही आहात. भिंत असती तर तुम्हाला कोणत्या हिश्श्यात ठेवले असते? आणि दुसऱ्या हिश्श्यातल्या माणसांनी कुठून बघितले असते? आण्णा तुमच्या एका बाजूला बसले होते, मी दुसऱ्या. आमच्यामध्ये तुम्हीच होता.

माझ्या लिहिण्यात आभार शेवटच्या ओळीत येतात, 'कळावे'च्या आधी, छापील असल्यासारखे. तुमचे आभार तसे मानणे मला पटत नाही, म्हणून इथे मधेच मानतो. आईचे पाय जमिनीला टेकवल्याबद्दल. माझ्या लोकांना बसवल्याबद्दल. आण्णा आणि मी अजून एका छपराखाली तपकीर वाटून घेतो त्याबद्दल. माझा तो निरुपयोगी अर्ज पुण्याला नेऊन वर्गात पोचवल्याबद्दल. मी तुम्हाला कधी शाबास म्हटले नाही. म्हणायचे होते.

आता मूळ वाद. तुम्ही गेल्यापासून खिडकीखालच्या जागेवर चार हक्क सांगितले गेले आहेत. प्रज्ञा म्हणते, तिथे आईचा फोटो लावू, हार घालू, खाली दिवा. आण्णा म्हणतात, फोटो नको, तिचे शिलाईचे मशीन तिथे ठेवा, ते तिला आवडेल. मी स्वतः असे सुचवले की सर्टिफिकेट चौकटीत घालून तिथे टांगावे, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यास कळेल. यावरून चार दिवसांपूर्वी घरात आवाज चढले. प्रज्ञा रडली. आण्णा म्हणाले, "माजी बायकू व्हती ती." प्रज्ञा म्हणाली, "माझी आई होती." कमल मधे पडली. आणि ह्या गलक्यात आई खाटेवरून उठली, चटई घेतली, चार पावले चालली आणि त्या जागेवर जाऊन बसली. हाच चौथा हक्क. नुसती बसली, हात मांडीवर ठेवून, तोंडावर खिडकीतला उजेड घेऊन.

प्रज्ञा म्हणाली, "आज्जी, अगं तिथं फोटो ठेवायचाय."

"फोटू ठिवला की मला बसाया जागा कुठं?"

"तू तर कधी तिथं बसत नव्हतीस."

"बसत व्हते. तुमी समदी कामाला गेली, आण्णा झोपला की रोज दुपारी आमी दोघी बसायचो हितं."

"काय करायचात?" आण्णांनी विचारले.

आई आण्णांकडे बघत राहिली, जणू प्रश्नच तिला उमगला नव्हता. "काय करायचो म्हंजे? बसायचो."

हे तुम्ही बाईंना सांगितलेले उत्तर आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. आई साक्षीदार आहे, परंतु जाब तिने द्यायचा नाही, तुम्ही द्यायचा आहे. तुम्ही अर्ज मागितला होता. तो आज रीतसर दाखल केला आहे.

सबब, विनंती की, सदर जागा कशासाठी मोकळी ठेवली आणि यापुढे तिचे काय करावे, याचे उत्तर अर्जदारास मिळावे. तोवर माझ्या विनंतीवरून सर्वांनी मान्य केले आहे की जागा 'जैसे थे' राहील. फोटो ओसरीवर लावला आहे, जिथे लोक बसतात. मशीन आण्णांच्या खोलीत आहे. सर्टिफिकेट माझ्या टेबलावर. दुपारी आईची चटई तेवढी तिथे अंथरली जाते, आणि ते अतिक्रमण समजण्यात येत नाही. काल दुपारी कचेरीतून लवकर आलो तेव्हा तिच्या शेजारी आण्णा बसले होते. मी टोपी काढून दुसऱ्या बाजूला बसलो. मधे एका माणसाची जागा आपोआप सुटली.

मी आजवर लिहिलेल्या प्रत्येक अर्जात शेवटी एक ओळ घालत आलो आहे, की मुदतीत उत्तर न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात येईल. या अर्जात ती ओळ मी मुद्दाम घातलेली नाही. मुदतही घातलेली नाही. तुमचे म्हणणे आहे, असेच हे घर समजून चालेल.

उत्तर देणे शक्य नसेल, तर निदान पोच मिळावी.

अर्जदार,
अशोक

साक्षीदार : आण्णा, कमल, प्रज्ञा यांच्या सह्या. आईचा डाव्या हाताचा अंगठा, तिने तो खिडकीखाली बसूनच दिला.